तालिसायपाशी वळायचं

९ जानेवारी

ती येणार! मार्चमध्ये. तिकीट काढून मोकळी झाली!

नववीचा तास चालू होता. पर्समध्ये फोन गुरगुरला. पोरांना निबंध लिहायला लावला आणि टेबलाखाली धरून वाचलं. मारित लिहिते — बर्गनहून निघेन, सेबूला उतरेन, तिथून दक्षिणेकडची बस. शेवटी एकच प्रश्न : तुम्हाला चालेल ना?

'तुम्हाला' म्हणजे मला आणि तातयला, माझ्या बापाला. मला चालेल? मी नाचेन! छत्तीस वर्षं एकटी वाढले आणि आता थोरली बहीण मिळतेय, त्रेचाळीस वर्षांची, आयती.

तातय अंगणात जाळं सांधत बसला होता. सांगितलं. हात थांबले नाहीत.

"कोण मारित?"

कोण मारित म्हणे! ऑक्टोबरात तिचं पहिलं पत्र आलं, तेव्हापासून या घरात दुसरं नाव नाही. तुझी मुलगी, म्हटलं. तू जहाजावर स्वयंपाकी होतास तेव्हाची. आईशी लग्न व्हायच्या आधीची. तिला विमानतळावर आणायला जाऊ या.

"मी कुठं जात नाही," तो म्हणाला. "आमच्यातली असेल तर विचारत विचारत येईल."

आणि सुई दातात धरली. म्हणजे बोलणं संपलं.

१० जानेवारी

तातयचं वाक्य मारितला कळवून टाकलं. जसंच्या तसं. पाठवल्यावर जीभ चावली. आनंदात माझ्या हातून काहीही लिहिलं जातं.

११ जानेवारी

तिचं उत्तर आलं. एकच ओळ.

"मग विचारायला शिकव."

१२ जानेवारी

तातयला दाखवलं. तो चष्मा लावून दोनदा वाचून बसला.

"अगं, मी ते विषय मिटवायला म्हटलं होतं!"

"आता नाही मिटत."

"बिसाया अशी शिकता येते? जन्म जातो."

"तिला अख्खी बिसाया नकोय. बाजारापासून घरापर्यंतची पुरे."

१८ जानेवारी

पहिला धडा!

शाळेत मी इंग्रजी शिकवते. आपली भाषा शिकव असं आजवर कुणी मला म्हटलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. शेवटी 'आसा'पासून केली. आसा म्हणजे कुठे. मारितच्या तोंडून पहिला 'आसा' आला! चेहरा फोनवर सारखा अडकत होता, पण आवाज स्वच्छ होता. 'आसा' म्हणताना तिची एक भुवई वर जाते. तातयची जाते तशी.

मग ती म्हणाली, "डावीकडे, उजवीकडे सांग."

अडले! शब्द येतात की. पण बाजारातून घरी येताना मी कुठल्या हाताला वळते? आयुष्यात कधी विचार केला नव्हता. इथं वाट सांगताना कुणी हात सांगत नाही. साका — चढ. लुगसोंग — उतर. डोंगराच्या अंगाला, समुद्राच्या अंगाला. एवढ्यावर सगळं गाव चालतं. भाताचा डाव हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले, समुद्र पाठीशी केला, मनातल्या मनात चालत गेले, वळले. उजवीकडे! तिला सांगितलं. मग म्हटलं, हे विसरून जा. समुद्र पाठीशी ठेव आणि चढ.

"धुकं असलं, समुद्र दिसलाच नाही, तर?"

"वास येईल."

खूप हसली. बर्गनमध्ये तेव्हा सकाळ होती आणि तिच्या मागच्या खिडकीत काळोख होता.

२० जानेवारी

वाट पाठ करून घेतली.

बाजार दिसला की ड्रायव्हरला ओरडून थांबवायचं, नाहीतर बस पुढच्या गावाला नेऊन सोडते. उतरलीस की समुद्र पाठीशी. बेकरीपर्यंत सरळ. बेकरीच्या पुढं चालत राहा, तालिसायचं झाड लागेल. केवढं थोरलं! पानं गळायच्या आधी लालभडक होतात. मार्चमध्ये नुसतं पेटलेलं असतं, लांबून दिसतं. तालिसायपाशी वळायचं आणि चढायचं. मग निळं फाटक. ते आपलं.

"बेकरी, तालिसाय, निळं फाटक," मारित म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग चाल लावून म्हणाली.

दिवसभर माझ्या तोंडातही तेच. फळ्यावर क्रियापदं लिहिताना — बेकरी, तालिसाय, निळं फाटक!

२६ जानेवारी

फोन घेऊन मानांग इसिंगकडे गेले. बस थांबते तिथंच इसिंग बसते — चिकट भाताचा, केळीच्या पानात वळलेला बुडबुड विकते, सोबत गरम चॉकलेट. मारित उतरली की पहिली गाठ हिच्याशीच पडणार.

इसिंगने फोनमध्ये मारितला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोनमध्ये. "कपाळ बघ," म्हणाली, आणि कप पुसायला लागली.

सराव सुरू केला. गावात तातयला ताक्यो म्हणतात. मारितने म्हटलं, "मानांग, ताक्योचं घर कुठे?" इसिंगच्या एका हातात किटली, दुसऱ्यात कप. तिने ओठ पुढे काढले आणि डोंगराकडे रोखले.

मारित माझ्याकडे बघायला लागली. "पापा देते का ती मला?"

पोलिंग त्याच्या मोटरसायकलवर बसून बुडबुड खात होता. तो मोटरसायकलवर भाडी मारतो, तळ वरच्या फाट्यावर असतो, पण खायला इथं. तो ओरडला, "मानांग, तुझा पापा नॉर्वेला पोचला हं!"

"तुझ्यापर्यंत नाही पोचायचा. तू गीळ."

मारितला समजावलं. इथं माणसाच्या हातात कायम काहीतरी असतं. टोपली, मूल, मासळी. मग वाट ओठांनी दाखवायची. तिने आरशासमोर सराव करते म्हणून सांगितलं. वडीलधाऱ्या बाईला 'मानांग', पुरुषाला 'नोय' म्हणायचं, हे शिकवलं. आणि 'दिहा रा' — 'तिथंच की' — हेही शिकवलं.

"तिथंच म्हणजे किती?"

"शेजारचं घर. किंवा पलीकडचा डोंगर."

"मग कळणार कसं?"

इसिंगच मध्ये पडली. "नुसतं दिहा रा म्हटलं तर जवळ आहे, दाय. दिहाऽऽऽ रा म्हटलं तर पाणी घेऊन जा."

'दाय' म्हणाली तिला! घरच्या मुलीला म्हणतात तसं. मारितला ते कळलं नाही. मी रात्री सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. का कोण जाणे.

३१ जानेवारी

तातय धड्याच्या वेळी अंगणातच बसतो. पाठ आमच्याकडे. जाळं केव्हाचं सांधून झालंय, तरी बसतो. फोनसमोर ये म्हटलं तर 'मासळी कापायचीय' म्हणतो. मारितकडे त्याचा एकच फोटो आहे — सव्वीस वर्षांचा, जहाजाच्या डेकवर, उघडा, हातात भलामोठा झारा.

आज मारित घोकत होती, "ताक्योचं घर कुठे आहे? ताक्योचं घर कुठे आहे?" आणि अंगणातून आवाज आला —

"घर कोण विचारतं! घर कुठं पळून चाललंय? ताक्यो आहे का विचार म्हणावं!"

मी फोन तसाच धरला. मारित हळूच म्हणाली, "तो आहे?"

"आहे."

"ताक्यो आहे का?" तिने विचारलं. मोठ्याने. अंगणाकडे.

तातय उठला आणि कोंबड्याला दाणे घालायला गेला. कोंबड्याला सकाळीच दाणे घातले होते.

१ फेब्रुवारी

आज पुन्हा घातले. कोंबडा खूश.

७ फेब्रुवारी

एक धडा राहूनच गेला होता. सगळ्यात सोपा, म्हणून लक्षातच आला नाही.

इसिंगकडे पुन्हा सराव. मारित झकास बोलली — आधी नमस्कार, मग जेवलात का, मग ताक्यो आहे का. इसिंग खूश. आणि सवयीने इसिंगने विचारलं, "हो, पण तू कोणाची गं?"

इथं हे विचारल्याशिवाय कुणी वाट सांगत नाही. अनोळखी माणूस आधी कोणाचा तरी व्हावा लागतो. कोणाची मुलगी, कोणाची भाची, कोणाकडची पाहुणी. मग वाट.

मारितचा चेहरा हलेना. मला वाटलं फोन अडकला. अडकला नव्हता.

"मी काय सांगू?" तिने इंग्रजीत विचारलं.

पोलिंगने खाणं थांबवलं. इसिंगने किटलीवरचं झाकण उचललं आणि आत बघत राहिली. मला उत्तर माहीत होतं. पण ते द्यायचं की नाही हे मी ठरवायचं नव्हतं. घरी विचारून सांगते, म्हटलं.

८ फेब्रुवारी

विचारलं.

तातय मासळी साफ करत होता. खवले उडत होते.

"पाहुणी म्हणावं."

"तातय —"

"पाहुणी आहे ना? येणार, चार दिवस राहणार, जाणार. पाहुणीच की. माझं वय बघ, गाव बघ. लोक काय म्हणतील?"

"लोकांना माहितेय. इसिंगने कपाळ ओळखलं."

"ओळखणं वेगळं. मी सांगणं वेगळं."

खवले उडत राहिले. एक माझ्या दंडाला चिकटला. धुताना लक्षात आलं.

९ फेब्रुवारी

शिकवलं. बिसिता — पाहुणी.

पहिल्याच खेपेला बरोबर म्हणाली. इतकं बरोबर म्हणायला नको होतं.

१५ फेब्रुवारी

डिसेंबरात तातय गप्प गप्प व्हायचा. आई म्हणायची, "सोड त्याला, बर्फात गेलाय." लहानपणी मला ती गंमत वाटायची. आमच्याकडे बर्फ म्हणजे कोळ्यांच्या पेटीतला. आज भांडी घासताना एकदम कळलं. आईला माहीत होतं! सगळं माहीत होतं आणि तरी ती त्याच्या ताटात गरम भात वाढत राहिली.

आई असती तर काय शिकवलं असतं तिने मारितला? पाहुणी नसतं शिकवलं.

२ मार्च

दहा दिवस! मारितने अट घातली. बसमध्ये चढली की फोन बंद. कुणी घ्यायला यायचं नाही. "तो म्हणाला ना विचारत ये. मी विचारत येईन. तू थांब्यावर येणार नाहीस, वचन दे." दिलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "पाहुणी असले तरी पोचायचंय मला, सिना."

मी म्हटलं, बेकरी, तालिसाय, निळं फाटक. चुकणं शक्यच नाही!

११ मार्च

उद्या! उद्या!

चादरी धुतल्या. पुसोच्या — विणलेल्या पानात शिजवलेल्या भाताच्या — पुड्या शेजारणीकडे सांगून ठेवल्या, भात तिच्याच हातचा चांगला शिजतो. किनिलावसाठी तातय पहाटे होडी काढून ताजा मासा आणणार. "पाहुणीला कच्चा मासा चालतो का विचारलंस?" म्हणाला. विचारलं नाही! तो म्हणाला, नॉर्वेची आहे, चालेल. म्हणजे नॉर्वे आठवते तर!

केस कापून आलाय. मी न सांगता.

१२ मार्च, सकाळ

नीट लिहिते.

उजाडल्यावर राहवेना. थांब्यावर न जायचं वचन आहे, वाटेवर न चालायचं नाही. म्हणून घरून निघाले, उलटी चालत. मारित येईल ती वाट तिच्या डोळ्यांनी बघावी म्हणून. उतरून फाट्यावर आले. मोटरसायकलवाले ताडपत्रीखाली पत्ते खेळत होते.

ताडपत्रीखाली.

तालिसायखाली नव्हे. तालिसाय नाही! मोठ्या वादळात पडलं. मीच पाहिलं होतं, मुळं आभाळाकडे करून पडलेलं. मग रस्ता रुंद केला, खोडही उपटून नेलं. तिथं आता काँक्रीट आहे, सपाट, पांढरं. रोज शाळेत जाताना मी त्यावरून चालते. आणि रोज, मनात, झाडाला वळसा घालते.

सगळं गाव असंच बोलतं. तालिसायपाशी भेटू. तालिसायच्या खालच्या घरात बाळंतपण आहे. कुणालाच चुकीचं वाटत नाही!

पळत पुढं बेकरीकडे गेले. बेकरी कुठाय? बेकरीवाला दावाओला गेला त्याला किती वर्षं झाली. तिथं मोबाइलचं दुकान आहे. मला माहितेय ते! मी तिथूनच फोन घेतलाय!

आणि फाटक. परत घरापर्यंत धावले. फाटक हिरवं. आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा मीच रंगवलं, याच हातांनी.

बेकरी, तालिसाय, निळं फाटक. तिन्ही नाहीत.

तातय ओट्यावर मासा कापत होता. ओरडलेच —

"तातय, तालिसाय नाहीये!"

"वादळात पडलं की."

"मी तिला तिथंच वळायला सांगितलंय!"

"मग? दुसरं कुठं वळतात?"

"ते नाहीये, तातय!"

सुरी थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ते झाड त्याच्यासाठी त्या क्षणी पडलं.

फोन लावला. बंद. बसमध्ये बसलीसुद्धा. लोक तालिसायपाशी वळ सांगतील. ती झाड शोधत जाईल. सरळ गेलं की रस्ता दगडांच्या खाणीकडे जातो, तिथं विचारायला माणूस नाही. मी पाटी लिहायला पुठ्ठा शोधायला लागले. मग वाटलं पाटी कशाला, मीच जाते.

"तू नाही जायचं," तातय म्हणाला. "वचन दिलंयस."

"मग ती चुकली तर?"

त्याने हात धुतले. साबणाने, दोनदा. टोपी घेतली.

"कुठं?"

"ताडी आणायला."

ताडी! सकाळी! अशा वेळी! चिडून मी त्याच्याशी बोललेच नाही. तो गेला. मासा अर्धा कापलेला ओट्यावर.

१२ मार्च, थोड्या वेळाने

मासा मी कापला. व्हिनेगर, आलं, कांदा. हात चाललेत म्हणून बरं.

दाराशी आईची लाल छत्री असते खुंटीला. नाहीये.

१३ मार्च

काल लिहायला वेळच मिळाला नाही! आता सगळं लिहिते. थोडं इसिंगकडून, थोडं पोलिंगकडून, थोडं मारितकडून. तातयकडून काही नाही.

मारित बसमधून उतरली. "लांबूनच ओळखली," इसिंग म्हणाली, "आणि ओळख दाखवली नाही. पोरगी एवढी पाठ करून आलीय, तिचं तिला म्हणू दे." मारितने सगळं म्हटलं. नमस्कार. जेवलात का. ताक्यो आहे का. इसिंगने नेमाने विचारलं, तू कोणाची गं? "पाहुणी," मारित म्हणाली. इसिंगने ओठ काढून वाट दाखवली : सरळ जा, तालिसायपाशी वळ.

इसिंगसुद्धा! तिलाही आठवलं नाही.

मारित सामान ओढत निघाली. बेकरी दिसली नाही. तिला वाटलं पुढं असेल. उन्हाने डोळे दिपत होते. चालत राहिली. आणि लांबून लाल दिसलं.

"मला वाटलं, तेच झाड," मारित म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना, लांबून दिसतं."

जवळ आली तर म्हातारा माणूस. लाल छत्री. मोकळ्या काँक्रीटच्या मधोमध, एकटा.

पोलिंग सांगतो : "तुझा बाप सकाळपासून तिथं. आम्ही म्हटलं, नोय, सावलीत ये, पत्ते टाक. म्हणे बसची वाट बघतोय. म्हटलं, बस इथं येत नाही. म्हणे माहितेय. पाणी दिलं तर घेतलं, पण जागचा हलला नाही. एक ट्रक आला, भोंगा वाजवला. हा ढिम्म! ट्रकवाल्याने वळसा घालून नेला, झाडाला घालतात तसा."

मारितने टोपीखालचा चेहरा ओळखला नाही. तिच्याकडचा माणूस सव्वीस वर्षांचा. तिने आपलं नेमाने सुरू केलं. "नमस्कार, नोय. जेवलात का? ताक्यो आहे का?"

"आहे," तातय म्हणाला.

पुढं त्याने विचारलं, "तू कोणाची?"

"पाहुणी."

"चुकलं."

मारितला वाटलं उच्चार चुकला. तिने पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर. बिसिता.

"चुकलं," तो म्हणाला. "तुला चुकीचं शिकवलंय. माझ्यामागून म्हण. ताक्योची मुलगी."

ती म्हणाली, "ताक्योची मुलगी."

"मोठ्यानं. त्या पत्तेवाल्यांना ऐकू जाईल असं."

"ताक्योची मुलगी!"

"तेव्हा आम्ही पत्ते ठेवले," पोलिंग म्हणाला. "माझ्या हातात जिंकायचा डाव होता, तरी ठेवले."

मग तातयने ओठ पुढे काढून चढाकडे रोखले. "असं सांगितलंस की घर सापडतं. दिहा रा."

मारित दोन पावलं चढली. थांबली. वळून बघितलं. तिची एक भुवई वर गेली, त्याचीही गेली, आणि तिला कळलं. ती परत उतरली. त्याने हात पुढे केला, पालथा. वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, हे मी तिला शिकवलंच नव्हतं! तिने तो धरून हलवला, ऑफिसात हलवतात तसा. त्याने सोडवून घेतला नाही. तसाच हळूहळू वर नेला आणि तिच्या कपाळाला टेकवला.

त्या कपाळाला.

मी फाटकात उभी होते. तो पुढं, छत्री तिच्या डोक्यावर धरून, स्वतः उन्हात. मागून पोलिंग मोटरसायकलवर सामान बांधून. त्याच्यामागे सगळे पत्तेवाले, कुणी बोलावलेलं नसताना. मी धावले, आणि मारित मला म्हणाली ते पहिलं वाक्य —

"सिना, फाटक हिरवं आहे."

१४ मार्च

किनिलाव आवडलं. तातयने सांगितलेलंच होतं.

१९ मार्च

मारित आज स्वतः बाजारातून आली, एकटी. वाटेत तिघे भेटले. तिघांनाही कोणाची ते सांगितलं म्हणे. तिसऱ्याने विचारलं नव्हतं, तरी सांगितलं!

जाताना तातय बसपर्यंत येणार आहे. पुढच्या वर्षीची तारीख तोच ठरवतोय, पंचांगवाल्यासारखा बोटं मोजत. डिसेंबर नको म्हणतो. मग म्हणाला, का नको? डिसेंबरच.

६ एप्रिल

इसिंगकडे एका पार्सलवाल्याने दवाखान्याची वाट विचारली. परगावचा होता. इसिंगच्या एका हातात किटली, दुसऱ्यात कप. तिने ओठ पुढे काढले.

"सरळ जा. ताक्यो उभा होता ना, तिथं वळ आणि चढ."

तातय माझ्या शेजारीच उभा होता, व्हिनेगरची बाटली घेऊन.